लाल गिटार सोफ्यावर आहे

शिरीष,

तू फोन चार्जिंगला लावून चालायला गेलास आणि तेवढ्यात डॉक्टरांचा फोन आला. मीच घेतला. तुझी बोटं अडखळतात ती मानेतली नस दबल्यामुळे. तुझ्या बाबांना होता तो आजार नाही. मी पुन्हापुन्हा विचारलं, शेवटी त्या हसायला लागल्या. व्यायाम नीट केलास तर हात पूर्वीसारखा चालेल म्हणाल्या.

तुझ्या जुन्या बेस गिटारी विकत घ्यायला दुपारी शिकागोहून माणूस येणार होता, त्याला मी येऊ नका म्हणून कळवलंय. तुला न विचारता केलं, रागवायचं तर रागव. पण काल ती चौसष्ट सालची लाल गिटार केसमध्ये ठेवल्यावर झाकण लावायला तुला किती वेळ लागला, ते मी दारातून पाहिलं. ती बाहेर काढून सोफ्यावर ठेवलीये.

माझी ट्रेन चुकेल, निघते. आपल्या आन्याला कॉलेजात फोन करून तूच सांग, मी सांगायला गेले तर रडेन. आमटी केलीये, भात तेवढा लाव.

गेला महिनाभर घर इतकं शांत होतं की फ्रिजची घरघर ऐकू यायची. आज पोटभर वाजव.

उल्का