डोळ्यांच्या शिबिरातलं जेवण

माय,

तुला जाऊन इतकी वर्षं झाली, तरी तुझा विषय निघाला की लोक एकच वाक्य बोलतात, "लय गरीब सोभावाची बाई होती." मला हसू येतं. गरीब स्वभाव, आणि तुझा? ज्यांनी तुला सणासुदीला डोक्यावर पदर घेतलेली पाहिली, ते म्हणोत बापडे. मी तुला पुलगावच्या त्या शाळेत पाहिलं आहे.

सत्तरच्या दशकाची अखेर असावी. मी वर्ध्याच्या कॉलेजात शिकत होते आणि दिवाळीच्या सुट्टीत घरी आले होते. शाळेच्या वर्गांतली बाकं बाहेर काढून डोळ्यांचं शिबिर भरायचं. खेड्यापाड्यांतून म्हातारी माणसं बैलगाडीत बसून मोतीबिंदू काढायला यायची. त्या काळी ऑपरेशन झालं की दोन्ही डोळ्यांवर पट्टी बांधत, आणि डोकं हलू नये म्हणून दोन्ही कानांशी वाळूच्या पिशव्या ठेवत. त्या पिशव्या तू शिवायचीस. नदीची वाळू आणून, चाळून, धुऊन, उन्हात वाळवायचीस. "बुढ्या मानसाच्या कानापाशी खडा टोचला तं झोप येते काय?" असं म्हणत आम्हा सगळ्यांना चाळणीला बसवायचीस. बाबा गिरणीतून खोकत यायचे, केसांत कापसाचा भुगा घेऊन. तू आधी त्यांच्या हातावर गुळाचा खडा ठेवायचीस, अंघोळीचं पाणी काढायचीस, आणि ते जेवायला बसले की मगच शिबिराकडे निघायचीस. बाबा चिडवायचे, "जाय बाई, जाय. गावाचे डोये तुह्यावाचून उघडत नाई." तू लाजायचीस, पण थांबायची नाहीस.

शिबिरात तुला भरवायचं काम दिलं होतं. रोग्यांना उठून बसायची मनाई, चावायचीही मनाई, म्हणून मऊ भात नाहीतर दुधात कुस्करलेली पोळी चमच्यानं भरवायची. पहिल्याच दिवशी शिबिराची व्यवस्था पाहणाऱ्या गुरुजींनी तुला बाजूला घेतलं. माणूस भला होता. आपण बौद्ध, माझ्या जन्माच्या आसपास आजोबांनी धर्म बदललेला, पण गावोगावच्या विहिरींना ते अजून पटलं नव्हतं, हे त्यांना ठाऊक होतं. ते हळूच म्हणाले, "बाई, त्याइचे डोये बांधले हायेत. कोणाले काय दिसते? मुकाट्यानं भरवा न् मोकळ्या व्हा." थाळी धरून मी शेजारी उभी होते. मला तर तोडगा उत्तम वाटला. कॉलेजात शिकणाऱ्या मुलीला सुचावा तसाच होता तो.

तू म्हणालीस, "गुरुजी, डोये त्याइचे बांधले. माह्यं तोंड कोणी बांधलं?"

आणि मग तू जे केलंस ते मी आजवर दुसऱ्या कुणालाही करताना पाहिलेलं नाही. प्रत्येकाच्या उशाशी बसायचीस, आपलं पूर्ण नाव सांगायचीस, वस्ती सांगायचीस, मग म्हणायचीस, "माह्या हातचं चालत असन तं तोंड उघडा. नाई तं तसं सांगा, मले राग येत नाई." बहुतेक जण लगेच तोंड उघडायचे. भूक शहाणी असते. एक आजोबा तर म्हणाले, "बाई, पत्ता मंग सांगजो, आधी भात दे."

पण केळझरकडची एक आजी होती. तिनं ओठ घट्ट मिटून घेतले. मुलगा तिला सोडून गावी परतला होता, कारण शेतात कापूस फुटला होता. तू रागावली नाहीस, थाळी झाकून पुढच्या रोग्याकडे गेलीस. संध्याकाळी पुन्हा तिच्यापाशी बसून पुन्हा तेच नाव, तीच वस्ती सांगितलीस. पुन्हा ओठ मिटलेले. मी वैतागून म्हटलं, "माय, म्हातारी उपाशी मरन, काऊन सांगतं दर खेपी?" तू म्हणालीस, "चोरून तं मी तुले बी जेवू नाई घातलं." मला त्या आजीचा राग आला होता आणि तुझाही. तिला जेवणाची गरज होती आणि तुला खरं बोलण्याची, आणि दोघींपैकी एकही हटत नव्हती.

दुसऱ्या दिवशी तिच्या गावचा कुणी पोळ्यांचं गाठोडं ठेवून गेला. गुरुजी सुटल्यासारखे हसले. पण आंधळी, आडवी पडलेली बाई स्वतःच्या घरची पोळी तरी खाणार कशी? तू ती दुधात कुस्करलीस, उशाशी बसलीस आणि म्हणालीस, "आजी, पोळी तुमच्या घरची हाय. हात माहाच हाय. सांगून ठेवतो."

तिनं विचारलं, "लेकरं किती हायेत तुले?"

"एक पोरगी. इथंच उभी हाय, कॉलेजात शिकते."

"शिकते?" आजी म्हणाली, आणि तोंड उघडलं. त्या संध्याकाळी पोळ्या संपल्या, तेव्हा तिनं शिबिरातला भातही तुझ्या हातून खाल्ला. पट्टी सुटली त्या दिवशी ती सगळ्या बायकांची तोंडं निरखत होती. तू तिथं नव्हतीस. बाबांची पाळी बदलली होती, तू डबा घेऊन गिरणीच्या फाटकाशी गेली होतीस. "ते नाव सांगनारी कोठी गेली?" असं ती मला विचारत राहिली.

मी तुझीच मुलगी आहे, हे आता छातीठोक सांगते. मागच्या महिन्यात वर्ध्याला नव्या घरी राहायला आले. शेजारीण ओळख करून घ्यायला आली, तर तिनं विचारायच्या आधीच मी पूर्ण नाव सांगितलं, घरात कुणाची तसबीर आहे तेही सांगितलं, आणि चिवड्याची बशी पुढे केली. तिनं मूठ भरून घेतला, वर आणखी मागितला. नोकरीत, सोयरिकीत, सगळीकडे मी असंच केलं आणि माझं काही अडलं नाही.

हे पत्र कुठे पाठवायचं नाही, म्हणून एक गोष्ट लिहून टाकते. नाव सांगून झालं आणि समोरच्याचा हात अजून बशीकडे आलेला नाही, एवढ्या वेळात, माय, मला अजून भीती वाटते. तुलाही वाटत होती का, ते मी शेजारी उभी असून कधी विचारलं नाही.