दुसऱ्या पानावरचा खून

३ मार्च
...दूध गॅसवर, कपडे बादलीत, नळाला धार बारीक, आणि हे गालावर फेस तसाच ठेवून विचारताहेत, अगं, माझा चष्मा? चष्मा कपाळावर. मी म्हटलं, शोधा. तेवढ्यात दूध उतू गेलं.

हे गेल्याला तीन वर्षं झाली. ही सकाळ कथेत घालणार. वाचनालयाची रहस्यकथा स्पर्धा आहे, पंधरा तारखेपर्यंत द्यायची. प्लॉट पक्का: गृहस्थ दुसऱ्या पानावर चहातल्या विषाने मरतो, तिसऱ्यावर इन्स्पेक्टर. गृहस्थ म्हणजे हे नव्हेत. त्याला मिशी दिली आहे.

६ मार्च
पान सात. गृहस्थ जिवंत. हरकत नाही. वाचकाचा आधी जीव जडायला हवा. उद्या नक्की मारते.

७ मार्च
त्याला सर्दी झाली. आजारी माणसाला काय मारायचं!

९ मार्च
ग्रंथपाल बाईंना पानं दाखवली. म्हणाल्या, काकू, माणूस झकास उतरलाय, पण घडतंय काय? अकरावं पान आलं, हा नखंच कापतोय! आणि तो इन्स्पेक्टर कशाला येऊन बसलाय?
खून होईल या भरवशावर त्याला आधीच आणून ठेवला होता. आता दोघं पत्ते खेळतात. इन्स्पेक्टर हरतो.
निश्चय: एक पान घटना, एक पान स्वभाव. काटेकोर.

११ मार्च
घटनेचं पान. विषाचा कप त्याच्यापुढे ठेवला. त्याने कप उचलला, गार झालाय म्हणाला आणि मोरीत ओतून आला. पात्रं ऐकत नाहीत. चांगल्या लेखकांचं असंच होतं म्हणे.

१२ मार्च
नणंद आली, वाचायला लागली. वहिनी, अगं हा तर आमचा दादा! मिशी लावली म्हणून कळणार नाही होय? मी म्हटलं, वन्सं, तुम्हाला साहित्यातलं कळत नाही. तर डोळ्यांना पदर लावून म्हणाली, मारू नकोस गं त्याला. स्पर्धेचा नियम आहे, खून हवाच, असं सांगून मी तिला चहा दिला. तिने घेतला नाही.

१४ मार्च
दार लावून बसले. कप चारदा भरला, चारदा खोडला. इन्स्पेक्टरलाच मारलं तर? नियमात बसतं. पण त्याच्यासाठी कोण रडणार? तो नखंसुद्धा कापत नाही.

१५ मार्च
मारलं. एका ओळीत. 'त्याने चहा संपवला, कप खाली ठेवला आणि पुन्हा काही मागितलं नाही.' बंद व्हायच्या आत वाचनालयात नेऊन दिलं. बाईंनी उभ्याउभ्या वाचलं. म्हणाल्या, आता जमलं, काकू! अंगावर काटा आला बघा. मी म्हटलं, लेखकाला निष्ठुर व्हावंच लागतं.

१७ मार्च
परवा घरी येऊन जेवले नाही. काल वाचनालय उघडायच्या आधीच पायरीवर जाऊन बसले, आणि बाई आल्यावर गोष्ट परत मागून घेतली.