नानांच्या बरगड्या

१४ डिसें., रवि.
सासऱ्यांना, नानांना, कन्नडहून आणलं. गोठ्यात गाईनं ढुशी दिली, गव्हाणीवर आदळले. उजव्या बाजूच्या दोन बरगड्यांना तडे. गावातल्या हाडं बसवणाऱ्यानं धोतर फाडून छाती इतकी आवळलीय की आवाजही बारीक निघतो. नानांना हळू बोलताना आज पहिल्यांदा ऐकलं. लेकीची, सानिकाची, खोली त्यांना दिली. तिची दहावी आता स्वयंपाकाच्या ओट्याशेजारी. मी ऑफिसात रजा टाकली.

१५, सोम.
उस्मानपुऱ्यात दवाखाना. डॉ. म्हणाले, हा धोतराचा पट्टा आधी काढा. बरगड्या आपोआप जुळतील, पण खोल श्वास घेतला नाही, खोकून कफ काढला नाही, तर न्यूमोनिया. या वयात तो झाला तर...
फिजिओथेरपीच्या मुलीनं नीट समजावलं. श्वास घेताना छातीखालचा पडदा खाली सरकतो आणि त्याच वेळी बरगड्या बाजूला उचलल्या जातात, बादलीची कडी उचलावी तशा. पडदा खालच्या बरगड्यांनाच धरून असतो. त्या आवळल्या की सगळी ओढाताण त्याच्या एकट्यावर. मला आमचं घर आठवलं.
दर दोन तासांनी कुणीतरी दोन्ही तळहात खालच्या बरगड्यांवर ठेवायचे आणि म्हणायचं, माझे हात बाहेर ढकला. कोण ठेवणार? मुलीनं माझ्याकडं बघितलं. नानांनी भिंतीकडं.
घरी आल्या आल्या नानांनी ह्यांच्याकडून पट्टा परत बांधून घेतला. "बांधलं की लई बरं वाटतं." वाटणारच. हलतच नाही तर दुखेल कशाला.

१७, बुध.
हे वाळूजला कंपनीत, सेकंड शिफ्ट. दुपारी निघताना एकदा हात ठेवतात, तेही घाईत. बाकी मी. म्हणजे दारात उभी राहून "नाना, मोठा श्वास घ्या" म्हणणार. ते मान हलवतात आणि घेत नाहीत.
आज म्हटलं, मी धरते.
"सुनंनं सासऱ्याच्या अंगाला हात लावायचा? आपल्यात नाय तसं."
त्यांच्यासमोर मी अजून पदर सावरते. लाज मलाही आहे. पण लाजेपेक्षा भीती जास्त वाटतेय, हे त्यांना कोण सांगणार.

१८, गुरु.
रजा संपली. पाठ मोडलीय. ह्यांच्याशी भांडण. पट्टा का बांधून देता? म्हणाले, "बापानं हात जोडले गं माझ्यापुढं."

२०, शनि.
खोकला आला की उशी पोटाशी दाबतात आणि गिळून टाकतात. श्वास घेताना खांदे वर, पोट जरासं, मधे सगळं लाकूड. बघून संताप आला. दारातूनच म्हटलं, मरायचंय का तुम्हाला? सासऱ्यांना असं कधी बोलले नव्हते.
नाना म्हणाले, "दमलीस गं पोरी."
ओट्याशी येऊन रडले. सानिकानं वहीतून मान वर केली नाही, शहाणी आहे.

२२, सोम.
ऑफिसात जेमतेम पोचले तर सानिकाचा फोन, आजोबा तापलेत. तशीच परत. १०१. श्वास भरभर, वरच्यावर. हे या आठवड्यात सकाळच्या शिफ्टला, मशीनवर असणार, फोन उचलेनात. म्हटलं, नाना, मीच नेते दवाखान्यात.
ते डाव्या कुशीवर वळले, पाठ माझ्याकडं केली आणि सदरा स्वतःच वर ओढला.
"सोड ती गाठ."
गाठ घामानं आवळलेली. बोटांनी सुटेना, दातांनी सोडवली. कातडीवर लाल वळ. उठवून बसवलं, दोन्ही बाजूंना तळहात ठेवले. माझे हात ढकला, नाना. पहिल्यांदा काहीच नाही. दुसऱ्यांदा कण्हले आणि हात हलले. डावा बरा, उजवा अगदी थोडा. मग खोकला आला. तो मात्र गिळला नाही. पिवळा कफ पडला.
रिक्षा यायची आहे. ताप तेवढाच. नाना आत सदरा बदलताहेत, दार लावून. मला आत येऊ नको म्हणाले. खोकताहेत, मोठ्यानं.