सल्ला द्यायचा नाही

४ मार्च, सोमवार

नापास! सरावपरीक्षेतच, पण तोंडघशी पडायचं ते पडलेच.

नाटकमंडळीतला एक नट रुग्ण होऊन समोर बसला होता. झोप लागत नाही म्हणाला. मी छान ऐकत होते, मान हलवत होते, आणि तोंडातून निघून गेलं — "रोज सकाळी फिरायला जात जा, आणि झोपताना फोन दुसऱ्या खोलीत ठेवा." एकतर्फी काचेपलीकडून (इकडून नुसता आरसा दिसतो) बघणाऱ्या गाईडबाईंनी म्हणे कपाळाला हात लावला. बाहेर आल्यावर म्हणाल्या, "तू उपचार करत होतीस की शेजारधर्म पाळत होतीस?"

क्लिनिकल सायकॉलॉजीची डॉक्टरेट म्हणे! अभ्यासक्रम झाला, रुग्णालयातले तास भरले, प्रबंधही मंजूर झाला. विषय — रांगेत उभ्या माणसाला येणारा राग. त्यापायी इतक्या रांगांत उभी राहिले की लोकांना वाटायचं, ही मध्ये घुसतेय. आता राहिलंय एवढंच — बाहेरून येणाऱ्या परीक्षकांसमोर नटाशी एक बैठक, मग प्रबंधावर प्रश्न. १४ तारखेला. या सत्रात झालं नाही तर थेट पुढच्या सत्रात, आणि तोवर रुग्णालयात माझ्यासाठी राखलेली नोकरीची जागा दुसरं कोणीतरी पटकावणार.

५ मार्च, मंगळवार

बाईंनी पुन्हा घोटवून घेतलं. सल्ला द्यायचा नाही. रुग्ण काहीही म्हणाला तरी वाद घालायचा नाही. "नट वाट्टेल ते सोंग आणतील. मागच्या वर्षीचा स्वतःला सम्राट समजत होता. आपल्या उमेदवाराने त्याच्याकडे ओळखपत्र मागितलं!"

तो बिचारा अजून उमेदवारच आहे.

७ मार्च, गुरुवार

घरीही सराव. जेवताना नवरा म्हणाला, "अगं, मीठ कुठाय?"

मी शांतपणे, "मीठ सापडत नाही तेव्हा तुला नेमकं काय वाटतं?"

"अळणी वाटतं!"

१० मार्च, रविवार

सासूबाईंना शाईच्या डागांची चित्रं दाखवली. तेवढाच हात बसेल. पहिल्याच डागात आईंना त्यांची धाकटी जाऊ दिसली. दुसऱ्यात तीच जाऊ, रुसलेली. तिसरं चित्र त्यांनी उजेडात धरून पाहिलं, नखाने खरवडलं. "हा नुसता डाग आहे गं. लिंबू चोळ, निघेल."

या घरात सल्ला न देणारं कोणी नाही. मी तरी कुठून शिकणार!

१२ मार्च, मंगळवार

बसमध्ये शेजारच्या बाईंनी गुडघेदुखी सांगितली, अगदी सविस्तर. मी काहीएक सुचवलं नाही. जीभ चावून चावून सुजली.

१४ मार्च, गुरुवार

मेले. मेले. मेले.

नीट लिहिते. लिहिलं की डोकं थंड होतं, असं मीच लोकांना सांगते. (हाही सल्लाच!)

वेळेआधी पोचले. बैठकीच्या खोलीत खुर्च्या सारख्या केल्या, डोळे पुसायचे कागद हाताशी ठेवले आणि पाणी प्यायला बाहेर गेले. परत येते तो रुग्णाच्या खुर्चीत एक वयस्कर गृहस्थ! कडक इस्त्रीचा शर्ट, मांडीवर बॅग, कपाळावर आठ्या. मनात म्हटलं, नट लवकर आलाय, आणि भूमिकेत शिरूनच आलाय. काचेपलीकडे परीक्षक बसले असणार. म्हणजे सुरू झालं!

"नमस्कार. इथे यावंसं का वाटलं?"

"यावंसं? मी परीक्षक आहे. तुमची परीक्षा घ्यायला आलोय."

अरे वा! मागच्या वर्षी सम्राट, यंदा परीक्षक! वाद घालायचा नाही, घालायचा नाही.

"हं. परीक्षक."

"हं काय? खरंच आहे मी! बाहेरच्या टेबलावरच्या मुलीने इथे बसायला सांगितलं."

"माझा विश्वास बसत नाही, असं तुम्हाला वाटतंय."

"बसतच नाहीये तुमचा!" ते बॅग उघडून त्यात पत्र शोधायला लागले. मी हळूच म्हटलं, "कायम असं सिद्ध करून दाखवावं लागतं का तुम्हाला?"

हात बॅगेतच राहिला. बराच वेळ. आणि मी गप्प! जन्मात पहिल्यांदा गप्प!

"कायम," ते म्हणाले.

मग नळ सुटावा तसे बोलायलाच लागले. जन्मभर लोकांच्या परीक्षा घेतल्या, आता निवृत्त झाले तरी खोड जात नाही. सून चहा आणते, हे म्हणतात, दहापैकी सहा. हल्ली ती चहा ठेवून पळते. धाकट्या मुलाने हौसेने वेगळं घर बांधलं. यांनी जिन्याला साडेचार दिले. तो फोन उचलत नाही. "नात चार वर्षांची आहे. परवा तिने माझं चित्र काढलं. मी म्हणालो, डोकं प्रमाणात नाही. तिने माझ्यासमोर फाडलं ते. रडलीसुद्धा नाही हो."

रडले ते हेच. हुंदके देऊन. मी कागद पुढे केले. मनात म्हणत होते, काय अभिनय! कोणीतरी बक्षीस द्या या माणसाला! आणि अभिनयच आहे असं घोकत असतानाही एक कागद मी माझ्यासाठी काढून घेतला.

तेवढ्यात दार उघडलं. बाई. त्यांच्यामागे हाताला खोटं प्लास्टर बांधलेला एक तरुण — नट!

"सर, तुम्ही इथे? आम्ही सगळीकडे शोधतोय!"

म्हणजे हे खरेच परीक्षक! सर उठले, नाक पुसलं, "आज प्रकृती बरी नाही, कळवतो," म्हणाले आणि गेले. मग परत येऊन बॅग घेऊन गेले.

१५ मार्च, शुक्रवार

नवरा हसता हसता खुर्चीवरून खाली आला. आई गंभीर. "पास करायला आलेल्या माणसाला रडवलंस? आता करेल होय तो पास?"

बाईंनी फोनवर आधी झाडलं, मग स्वतःच फिसकन हसल्या, मग पुन्हा बाई झाल्या. "हे बघ, काल झाली ती चूक. ती पोटात घालता येईल. पण यापुढे नियम लक्षात ठेव. जो तुझा रुग्ण, तो तुझा परीक्षक होऊ शकत नाही. आणि ज्याने तुझी परीक्षा घेतली, त्याच्यावर तू नंतरही उपचार करायचे नाहीत. आता सर काय म्हणतात ते बघू."

१६ मार्च, शनिवार

सरांचा फोन नाही. रुग्णालयातून आला. "झाली का परीक्षा? जागा फार दिवस अडवून ठेवता येणार नाही."

१८ मार्च, सोमवार

सरांचा फोन! मी भांडी घासत होते, साबणाच्या हातानेच घेतला.

"गुरुवारचं आपण दोघं विसरून जाऊ," ते म्हणाले. "या गुरुवारी नटाबरोबर तुमची रीतसर बैठक घेऊ. तुम्ही पास व्हाल, त्यात मला शंका नाही."

आनंदाने उडी मारणार होते. पण त्यांनी फोन ठेवला नाही. नुसता श्वास ऐकू येत होता.

"किंवा," ते म्हणाले, "जन्मभर हे शास्त्र शिकवलं, पण कोणापुढे बसलो नाही कधी. दुसऱ्या कोणाकडे गेलो तर मी त्यालाच मार्क देत बसेन, मला ठाऊक आहे. तुम्हाला मार्क द्यायचं सुचलंच नाही. पण तुमच्याकडे आलो तर तुमच्या परीक्षेला मी चालणार नाही, आणि या सत्रात दुसरा परीक्षक मिळायचा नाही." मग म्हणाले, "तुम्हीच सांगा, काय करू?"

किती सोपं होतं! 'परीक्षा घ्या सर' — तीन शब्द. आजवर न विचारता गावभर सल्ले वाटले, आणि इथे माणूस स्वतःहून मागत होता! शब्द अगदी ओठावर होते. हातावरचा साबण वाळून गेला.

"तुम्हाला काय हवंय, सर?" मी विचारलं.

"विचार करून सांगतो," म्हणाले.

फोन ठेवला आणि स्वतःवरच इतकी चिडले की घासलेली भांडी परत घासली. नवऱ्याला सांगितलं. आज हसला नाही तो. मुकाट्याने भांडी विसळायला लागला.

२१ मार्च, गुरुवार

परीक्षा पुढच्या सत्रात. रुग्णालयातली जागा गेली. सकाळी रडून घेतलं, तोंड धुतलं आणि बाईंच्या समुपदेशन केंद्रातल्या रोजच्या कामावर गेले.

अकराला दार वाजलं. इस्त्रीचा शर्ट, हातात बॅग नाही. खुर्चीकडे न जाता सर उंबऱ्यातच उभे राहिले.

"आत येऊ का, डॉक्टर?"

"या," मी म्हटलं.