डब्यातली वांगी

३ डिसेंबर, मंगळवार
इतिदालला पकडलं. आणि मीच नेलं होतं तिला!

राहण्याच्या परवान्याची मुदत संपल्यापासून महिनाभर ती आमच्या इमारतीच्या तळमजल्यावर दडून होती. मी म्हटलं, ‘चोरासारखी लपतेस काय? खरा माणूस पुढच्या दारानं जातो.’ मठाच्या शाळेत मदर क्लोतिल्दनी हेच तर शिकवलं. ती म्हणाली, ‘मावशी, तुमच्यासाठी ते दार असतं, आम्हा सुदान्यांसाठी पिंजरा.’ मी दटावलं. परवान्याच्या कचेरीत तीन तास रांगेत उभ्या होतो. मग एक शिपाई आला आणि तिला बाजूला काढलं. तिनं फक्त माझ्याकडे वळून पाहिलं.

४ डिसेंबर, बुधवार
वकील वगीह म्हणतात, निर्वासित म्हणून मुलाखतीची तारीख मिळाल्याची चिठ्ठी सापडली, तर हद्दपारी थांबवायचा अर्ज करता येईल. पण लवकर! सीमेकडच्या बस कधीही सुटतात. तिकडे सुदानात, तिच्या गावी न्यालात, तिच्या नवऱ्याला दारातच मारलं. तिथं परत म्हणजे— लिहवत नाही.

५ डिसेंबर, गुरुवार
पोलीस ठाण्यात भेट नाही. खिडकीतून डबा तेवढा आत जातो. भातात चमचा खुपसून तपासतात. खिडकीतला मिशाळ शिपाई प्रत्येक म्हातारीला हजयात्रा केलेली समजून हाक मारतो.

‘ए हाज्जा, सरका पुढे!’

‘हाज्जा नव्हे, मिस ओदेत! तुझ्यासारखे चाळीस वर्षं बाकावर उभे केलेत मी.’

‘मग आता तुम्ही उभ्या राहा, मिस.’

सगळी रांग हसली. मेला!

तासाभरानं डबा बाहेर आला. भात संपलेला, डाळ संपलेली, टोमॅटोतली वांगी जशीच्या तशी! माझ्या घरीही ती वांग्याला हात लावत नाही. गजाआडही नखरे! घरी येऊन रडले. आहे, आत आहे.

८ डिसेंबर, रविवार
चर्चच्या मदत मंडळातली मार्सेल म्हणाली, ‘खात नाही तर देतेस कशाला, ओदेत? आपल्या नाताळाआधीच्या उपासाच्या दिवसांत तेवढी तरी वाचव.’

देणारच. वांगी परत आली की कळतं, ती आत आहे.

चिठ्ठी सापडली! तिच्या कुराणात जपून ठेवलेली.

९ डिसेंबर, सोमवार
अर्ज घेऊन ठाण्यात गेले. साहेब बैठकीत. कायद्याचं कलम वाचून दाखवलं, तर कारकुनानं चहा विचारला. वांगी परत.

१० डिसेंबर, मंगळवार
साहेब बैठकीत. वांगी परत.

रात्रभर तेच— ती वळून पाहते. मदर, तुम्हाला पुढची दारं कुणी उघडून दिली होती हो?

११ डिसेंबर, बुधवार
अर्ज घेतला! शिक्का मारला! वगीह पहिल्यांदाच हसले. ‘मिस, निकाल लागेपर्यंत तिला बसमध्ये बसवता येणार नाही.’ मी त्या खिडकीतल्या मिशाळ शिपायालासुद्धा शुक्रन म्हणून आभार मानले. वांगी परत. उद्या तिला आवडते ती भेंडी करीन— आणि वांगीही.

१२ डिसेंबर, गुरुवार
डबा चाटूनपुसून रिकामा. वांगी नाहीत.

‘तिनं खाल्लं?’

‘खाल्लं की! अजून काय हवं?’

शिक्क्याची पावती दाखवली. शिपायानं वाचलीच नाही. नजर खाली घातली. ‘मिस, घरी जा. पहाटेची बस गेली.’

१३ डिसेंबर, शुक्रवार
डबा नेला. आत कुणीतरी वांगी खाणारं आहे. त्याचं नाव विचारायला हवं.