स्टँडवरची सायकल

ताईस वाकून नमस्कार. वाकायला अजून मनाई आहे, म्हणून कागदावरच.

हर्नियाचं ऑपरेशन नीट झालं. आईला मात्र माझं पोट बिघडलं होतं एवढंच सांग. तिचे गुडघे कसे आहेत?

आधी एका हाताने पोटाचा गोळा दाबून, दुसऱ्याने हँडल धरून ब्रेड पोचवायचो. लोकांना वाटायचं, ऐट करतोय. आता गोळा गेला, पण डॉक्टर सायकल चालवू देत नाहीत. बेकरीवाल्याने माझ्या जागी दुसरा ठेवलाय. तात्पुरता, म्हणतो.

सायकल शिकवताना तू मागून कॅरियर धरून पळायचीस, आठवतं? काल न राहवून खोलीतच, स्टँडवरच्या सायकलवर चढलो. पेडलवर जोर दिला आणि टाके असे ताणले की तोंडातून निघालं, "ताई, धरलंयस ना?"

मागे नुसती भिंत होती.

तुझा, सध्या पायी हिंडणारा,
धाकटा