तीनांतलं एक खोटं

ता. २ नोव्हेंबर

ती. आत्यास,
सा. न. वि. वि.

चष्मा लाव आणि बसून वाच, बातमी चांगली नाही. बाबांच्या घशातली गाठ वाईट निघाली. पंधरा तारखेला ऑपरेशन ठरलंय. डॉक्टर म्हणाले, जीव वाचेल, पण गाठीबरोबर स्वरयंत्रही काढावं लागेल, आवाज राहणार नाही. बाबांनी सगळं ऐकून घेतलं, दुकानात आले आणि नकाशांच्या पुस्तकाची अर्धवट राहिलेली पाठ चिकटवत बसले. मला म्हणाले, खळ पातळ झालीय, लक्ष कुठे असतं तुझं.

तुझा भाऊ कसा आहे हे तुला मी काय सांगायचं? नऊ वर्षांपूर्वी माझ्या पाठचा गेंड्या हे बाइंडिंगचं दुकान सोडून प्राणिसंग्रहालयात लागला, तेव्हा बाबा म्हणाले होते की जनावरांची घाण काढायला जाणाऱ्याचं नाव पुन्हा या तोंडात येणार नाही. तेव्हापासून आलं नाही. त्याच्या हट्टीपणावरून गेंड्या हे नाव ठेवलं त्यांनीच, आणि जेवायच्या वेळी दुकानाच्या दारातून ते अशी हाक मारायचे की गल्लीच्या टोकाला खेळणारी सगळीच पोरं घरी जायची.

परवा पुस्तकं दाबायचा शिकंजा पिळता पिळता म्हणाले, आवाज जायच्या आत त्याला एकदा दारातून हाक मारायची आहे. तो समोरून येताना दिसायला हवा, एवढंच. माझ्या बोटात सुई शिरली.

लगेच लिहिते म्हटलं, तर बाबांच्या अटी सुरू. आजाराचा शब्दही काढायचा नाही, दयेपोटी आलेला नकोय. उघड बोलावणंही नको, ते खेळात घालायचं. आमचा खेळ तुला आठवत असेल. प्राण्यांचं ते जाडजूड पुस्तक बाइंडिंगला टाकून गिऱ्हाईक परत फिरकलंच नाही, त्यावरून बाबांसकट आम्ही तिघं खेळायचो. तीन गोष्टी सांगायच्या, दोन खऱ्या आणि एक थाप, समोरच्याने थाप ओळखायची. गेंड्या आणि मी पत्रांतून अजून खेळतो. बाबा ऐकत नसल्याचं सोंग करतात, पण मी त्याचं पत्र वाचायला लागले की शिकंजा फिरायचा थांबतो. आता म्हणतात, बोलावणं तीनांतलं एक म्हणून घाल. आला तर आला, नाहीतर खेळच होता असं म्हणायला हे मोकळे. सुंभ जळाला तरी पीळ जात नाही, तो असा.

थापही त्यांनीच रचली, पुस्तकातल्या एका चित्रावर बोट ठेवून. कुणी रचली ते मात्र सांगायचं नाही म्हणाले. पत्र पोचायला पाच दिवस, त्याला यायला दोन. वेळ आहे. तरी मला रात्रंदिवस धाकधूक आहे, आत्या. तुझ्याशिवाय बोलू कुणाशी?

गुडघ्याला जप आणि आमच्यावरची माया आहे तशीच राहू दे.

तुझी भाची

---

ता. ३ नोव्हेंबर

चि. गेंड्यास,
अनेक उत्तम आशीर्वाद.

तुझं मागचं पत्र पोचलं. शहामृगाचा डोळा त्याच्या मेंदूपेक्षा मोठा असतो हे वाचून मला आपल्या समोरच्या शिंप्याची आठवण झाली. गल्लीतलं सगळं दिसतं, पण माप दोनदा घेतलं तरी बाही आखूडच.

इथे सगळं ठीक. शाळेच्या ग्रंथालयाचं काम आलंय, दीडशे पुस्तकं, आणि प्रत्येकाची पाठ कुणीतरी दातांनी उसवल्यासारखी. तू असतास तर कुठल्या जनावराने चावली ते सांगितलं असतंस. तुझ्या लाडक्या जिराफीणबाईंचा पाय बरा झाला का?

आता तीन गोष्टी घे.

एक. जिराफाची मान एवढी लांबलचक, पण तिच्यात हाडं आपल्याइतकीच, सात.

दोन. वॉम्बॅट नावाचा पोटाला पिशवी असलेला प्राणी जमिनीत बीळ करून राहतो आणि त्याच्या लेंड्या चौकोनी असतात, खेळातल्या फाशांसारख्या.

तीन. बाबांनी तुला भेटायला बोलावलंय, पंधरा तारखेच्या आत.

नीट विचार करून ओळख. उगाच घाई नको, पण उशीर तर मुळीच नको.

तब्येतीची हेळसांड करू नये आणि ताईला विसरू नये.

तुझी ताई

---

ता. ९ नोव्हेंबर

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

तुझं पत्र काल दुपारी मिळालं. जिराफांचा चारा वर टांगत होतो, शिडीवरच फोडलं. तिसरी गोष्ट वाचली आणि शिडी धरून तसाच उभा राहिलो. जिराफीणबाईंनी आपली काळी जीभ माझ्या कानात घातली तरी कळलं नाही. (पाय बरा आहे, लाथा मारते म्हणजे बराच म्हणायचा.)

तुला खरं सांगतो, चौकोनी लेंड्या ही थाप आहे याबद्दल मला तसूभर शंका नव्हती. असल्या लेंड्या गोल भोकातून कशा येतील? नऊ वर्षं लेंड्याच उचलतोय, तेवढं तर मला कळतं. म्हणजे बाबांचं बोलावणं खरं. खाली उतरलो, रजेचा अर्ज लिहिला, पिशवीत दोन सदरे कोंबले. बाबांसमोर पहिलं वाक्य काय बोलायचं तेही आरशात दोनदा बोलून पाहिलं.

संध्याकाळी चहाला आमच्या जनावरांच्या डॉक्टरसाहेबांना ती लेंड्यांची गंमत सांगितली, म्हटलं बहीण काय काय थापा मारते बघा. ते हसलेच नाहीत. म्हणाले, खरं आहे. परदेशात शिकत असताना त्यांनी त्या तळहातावर घेऊन पाहिल्यात. आतड्यातच त्यांना कोपरे येतात. तो प्राणी त्या दगडावर, ओंडक्यावर ठेवून आपली हद्द दाखवतो, आणि चौकोनी म्हणून त्या घरंगळत नाहीत.

जिराफाची सात हाडं तर मी रोज येणाऱ्या पोरांना मोजून दाखवतो. मग थाप उरली कुठली? या खेळात तू आजवर कधी चुकलेली नाहीस. रजेचा अर्ज फाडून टाकला.

ताई, रागावत नाही. पण बाबांना खेळात ओढू नकोस. बाबा मला बोलावतील हे पहिल्यांदा वाचलं तेव्हाच मला कळायला हवं होतं. लोक म्हणतात गेंड्याची कातडी. आमच्याकडचा गेंडा येऊन बघावा, जाड कातडी असूनही उन्हाने भाजते, माश्या चावतात, म्हणून बिचारा दिवसभर चिखल फासून बसतो. मीही तसाच आहे असं समज.

आता माझ्याकडून एकच गोष्ट, थाप नाही. जिराफ मुका असतो, असं सगळे म्हणतात. आमच्या पाटीवरही तेच लिहिलंय. पण संध्याकाळी दारं लावून मी आत थांबतो, सगळं शांत झालं की जिराफीण गुणगुणते. खोल, घशातल्या घशात. दाराच्या फळीला कान लावला की ऐकू येतं. साहेबांना सांगितलं तर म्हणाले, तुझे कान तपासून घे.

बाबांना यातलं काही सांगू नकोस. लोभ आहेच, तो उसवू देऊ नये.

तुझा धाकटा भाऊ

---

ता. १६ नोव्हेंबर

चि. गेंड्यास,
अनेक आशीर्वाद.

तिसरी गोष्ट खरी होती.

थाप लेंड्यांची होती आणि ती बाबांनी रचली होती. जगात याहून अशक्य काही नसेल अशा खात्रीने त्यांनी वॉम्बॅटच्या चित्रावर बोट ठेवलं. वर म्हणाले, घाणीतलंच घालू, त्यातलं त्याला चटकन कळेल. ते जुनं पुस्तक मी पानन् पान धुंडाळलं, त्यात कुठेही तसं लिहिलेलं नव्हतं, म्हणून मीही मान डोलावली. आम्ही दोघंही चुकलो, गेंड्या, तू चुकला नाहीस.

आता जे तुझ्यापासून लपवलं ते सांगते. बाबांच्या घशात गाठ होती. काल ऑपरेशन झालं, जीव वाचला, आवाज गेला. तो जायच्या आत त्यांना तुला दारातून एकदा हाक मारायची होती, जेवायच्या वेळी मारायचे तशी. म्हणून पंधरा तारीख.

तुझं पत्र चौदाला संध्याकाळी आलं. मी आधी मनात वाचायला हवं होतं, पण मेलीला उत्साह फार. वाटलं, येण्याची गाडी कळवली असेल. शिकंजाशेजारी उभी राहून मोठ्याने वाचायला लागले. शिडीवरचं वाचलं तेव्हा बाबा हसले. अर्ज फाडला तिथे मी थांबले, तर हाताने खूण केली, पुढे वाच. गेंड्याच्या कातडीचंही ऐकलं, जिराफाचंही ऐकलं. मग त्यांनी विचारलं, चौकोनी? खरंच चौकोनी? आणि हसायला लागले, ते खोकला येऊन गुदमरेपर्यंत. त्यांचं हसू आवाजासकट ऐकलं ते शेवटचं.

तार करते म्हटलं, तर नको म्हणाले. दोन दिवसांचा रस्ता, सकाळी ऑपरेशन, पोराला गाडीत उगाच रडवू नकोस.

सकाळी निघताना दुकानाच्या दारात थांबले. गल्लीत कुणी नव्हतं. तरी त्यांनी तुला हाक मारली. एकदाच, जुन्या आवाजात. शिंपी कात्री घेऊन बाहेर आला आणि रिकाम्या गल्लीकडे बघून पुन्हा आत गेला. मग बाबा माझ्या खांद्यावर हात ठेवून चालू लागले.

आता नळीतून दूध घेतात, पाटीवर लिहितात, आणि पाटी मी वेळेवर बघितली नाही तर दुकानातला लाकडी हातोडा पलंगाच्या दांड्यावर आपटतात. नर्सबाई वैतागल्या आहेत. मी तुझ्यावर रागावलेली नाही. स्वतःवर आहे, आणि थोडी त्या वॉम्बॅटवर.

माझ्यावरची माया आटू देऊ नकोस, सध्या मला ती हवी आहे.

तुझी ताई

---

ता. २१ नोव्हेंबर

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

पत्र मिळालं. चार ओळींपलीकडे लिहवत नाही.

लगेच निघायला हवं, कळतं. पण ज्या हाकेसाठी बोलावलं तीच ऐकायला मी नव्हतो, आता कुठल्या तोंडाने येऊ? मी समोर उभा राहीन आणि ते तोंड उघडतील आणि काहीच येणार नाही, हे मला बघवणार नाही. मला बघून त्यांना ते सगळं पुन्हा सोसावं लागेल. एका लेंडीसाठी मी अर्ज फाडला, ताई.

तू सांगशील तसं करीन. बाबांच्या पायांवर डोकं ठेवतो, कागदावरूनच.

तुझा भाऊ

---

ता. २८ नोव्हेंबर

चि. गेंड्यास,
अ. उ. आ.

ताईने तुझं पत्र वाचून दाखवलं. तिला लिहू दिलं नाही, पेन मीच घेतलं. जन्मभर लोकांची पुस्तकं शिवली, स्वतः लिहायची वेळ आली नव्हती. अक्षर वाकडं आलं तर आजारावर ढकलू नकोस, ते आधीपासूनच तसं आहे.

नऊ वर्षं आवाज होता आणि मी तुझं नाव घेतलं नाही. तो माझा मूर्खपणा, त्याचं खापर बारा दिवसांच्या पत्रव्यवहारावर फोडू नये. बोलावणं सरळ पाठवलं असतं तर तू आला असतास. मी ते थापेशेजारी बसवलं. ज्याने थाप रचली त्यानेच हरावं हे रास्तच झालं. त्या लेंड्यांबद्दल तुझ्या डॉक्टरसाहेबांना माझा नमस्कार सांग.

तुझा जिराफांचा धंदा मी घाण म्हणालो होतो. फळीला कान लावून जनावराचं ऐकणारा माणूस घाणीत नसतो. हे मला तोंडाने सांगायचं होतं, हाकेनंतर.

ताईने मला घरी आणलंय. हातोडा बरोबर आला. दुकानाच्या पत्र्याच्या दारावर मारून पाहिला, गल्लीच्या टोकाला स्वच्छ ऐकू जातो. शिंप्याने तक्रार केली, म्हणजे नक्कीच जातो.

आता तीन गोष्टी. या खेपेला थाप एकच आहे आणि मी खात्री करून घेतली आहे.

एक. वॉम्बॅटच्या लेंड्या चौकोनी असतात.

दोन. जिराफाला आवाज नसतो.

तीन. तू गल्लीच्या टोकाला दिसलास की मी तुला दारातून हाक मारीन.

ओळखलंस की अर्ज पुन्हा लिही, आणि या वेळी चहाला कुणाला विचारत बसू नकोस. दोन सदरे पुरे होतील, इथे थंडी नाही.

तुझा बाबा